एक वीत

ओसोर्नोच्या घरी, फ्रिजवर,
पत्र्याचा एक पृथ्वीगोल आहे.
पॅसिफिकमध्ये पोचा आलेला:
लहानपणी निबाल्दोनं मला फेकून मारला, मी वाकले,
आणि समुद्र भिंतीवर आपटला.

मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा पापांनी तो खाली काढला.
लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं घासलेला उजवा हात,
टेप कधी लावायचा नाही.
अंगठा ऑकलंडवर, करंगळी सान्तियागोवर,
मधलं सगळं पाणी तळव्याखाली.
"एक वीत," म्हणाले. "हे काय लांब झालं, यास्ना?"

पाच हंगाम ते-पुकेच्या शेडमध्ये किवी निवडली.
टणक पट्ट्यावर, मऊ टोपलीत.
दर रविवारी पापांचा फोन:
"तुझ्याकडे आत्ता कुठला वार?"
सोमवार म्हटलं की खूश.
पोर एक दिवस पुढे गेली, असं
पाववाल्यापर्यंत सांगून यायचे.

मग एका गुरुवारी निबाल्दोचा आवाज.
उजवी बाजू गेली.
"बोलतात?"
"बघतात."

रविवारी संध्याकाळी सहाला उडालेलं विमान
रविवारीच दुपारी एकला उतरतं.
काउंटरवरची मेरेआना हसली, दर रविवारी हसत असणार:
"निघण्याआधीच पोचाल की तुम्ही."
पाच तास. फुकटचे.
मी विचारलं नाही,
गुरुवारच्या अलीकडे उतरणारं एखादं आहे का म्हणून.

समोरच्या पडद्यावर आकडे:
नऊ हजार सहाशे आणि वर काही किलोमीटर,
अकरा तास.
निळ्यावर पांढरं विमान, चिकटवल्यासारखं.
शेजारचा म्हातारा झोपेत माझ्या खांद्यावर कलला,
मी त्याला कलू दिलं.
खाली कुठंतरी तो पोचा असणार.

सान्तियागोहून ओसोर्नोची बस.
हजारालासुद्धा कमीच किलोमीटर,
आणि तेही अकरा तास.
पण हे अकरा निराळे.
यांत बायका चढतात, पावाच्या करंड्या मांडीवर घेऊन,
कुणाचं तरी पोर उलटी करतं,
चिल्यानला ड्रायव्हर अर्धा तास गायब होतो,
प्रत्येक पाटीवर घराचा आकडा थोडासाच उतरतो.
आकाशात मिळालेले पाच तास
मी तल्का यायच्या आतच खर्चून टाकले.

पोचले तेव्हा सोमवार होता. त्यांचाही, माझाही.
चादरीवर उजवी मूठ मिटलेली.
करंगळी सोडवली तर अंगठा आत वळतो,
अंगठा धरून ठेवला तर करंगळी.
निबाल्दो म्हणाला, ओढू नकोस.

फ्रिजवरून गोल आणला, पलंगावर ठेवला,
का ते ठाऊक नाही.
माझा अंगठा ऑकलंडवर.
हात ताणला, आणखी ताणला.
माझी वीत लहान. करंगळी पाण्यातच पडली,
चिलीच्या किनाऱ्याअलीकडे.

पापा बघत होते.
मग त्यांनी डावा हात हलवला,
आणि चादरीवरून
दोन बोटं वर केली.