गोल कड

फिल्म अजून ओली होती.
भीखाभाईनं चिमट्यात धरून दारातूनच निकाल दिला:
"साहेब, आ तो तूटेलुं छे."
गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात
एक बारीक काळी रेघ,
रेघेपलीकडे हाडाचा तुकडा, चिंचोक्याएवढा.
मीही तेच लिहिलं.
एक्क्याण्णव साल, दांडिया बाजारातला माझा पहिला उन्हाळा,
नावाच्या पाटीला अजून रंगाचा वास.

उदयसिंह फाळके, वय एकोणीस.
सायकलवरून पडलेला. सूज होती, रेघ होती,
मला आणखी काय हवं होतं?
मांडीपासून घोट्यापर्यंत सहा आठवडे प्लास्टर.
चौथ्या आठवड्यात सैन्याची भरती होऊन गेली.
प्लास्टर काढलं. रेघ तशीच.
"जुळत नाहीये," मी म्हणालो,
जणू चूक हाडाची.

ते पान मी नंतर वाचलं.
काहींची वाटी लहानपणी दोन जागी धरते
आणि पुढे एक व्हायचं राहून जातं.
बहुधा दुखत नाही.
माणूस जिने चढतो, मांडी घालून जेवतो,
म्हातारा होतो, त्याला पत्ताही नसतो.
मोडलेल्याची कड फुटक्या कपासारखी,
बोट फिरवलं तर कापेल.
मुळातच वेगळं असतं त्याची गोल,
न्हाणीतल्या झिजल्या साबणासारखी.
एवढंच बघायचं होतं. कड.

आज मैथिली निंबाळकर आली, तेरा वर्षांची,
मल्लखांबावरून घसरलेली.
आता पडद्यावरच उजळतो गुडघा.
तोच कोपरा. तीच रेघ.
आई ओढणीचं टोक पिळत, "तुटलंय?"
मी म्हणालो, दुसरा गुडघा काढू.
"तो नाही दुखत, काका."
तरी काढू.
दुसऱ्यातही तोच चिंचोका, आरशात बघावा तसा.
मुका मार आहे, म्हणालो, चार दिवस शेक.
वाटी हिची अशीच आहे.

संध्याकाळी स्कूटर घेऊन मकरपुऱ्याला गेलो.
फाळकेचं पंक्चरचं दुकान तिथं.
दिवसातून शंभरदा उकिडवा बसतो, उठतो,
उठताना उजव्या गुडघ्याला हातानं सांभाळतो.
"मोडक्या पायावर संसार केला बघा, डॉक्टर,"
गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणतो,
माझ्याकडून पैसे घेत नाही.

सांगायचं ठरवूनच गेलो होतो.
"मागचं चाक बघ जरा," एवढंच तोंडातून निघालं.
त्यानं ट्यूब काढली, हवा भरली,
घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच फिरवली.
एकही बुडबुडा नाही.
"काही झालेलं नाही, डॉक्टर," तो म्हणाला,
"उगाच खोलायला लावलंत."