आडोसा

जांबोटीचा चढ अजून मला ओळखतो.
कणकुंबीच्या अलीकडे तीन वळणं,
तिसऱ्यावर गिअर बदलायचा नाही,
हे मांड्यांना पाठ आहे.

अकरा वर्षं शर्यती केल्या.
जिंकले एकच, तीही धुक्यात;
फोटोत नुसतं हेल्मेट आलंय.
बाकी बाटल्या वाहिल्या.
गाडीपाशी मागे जायचं, सहा बाटल्या जर्सीत कोंबायच्या,
पाठ गार पडायची,
मग पुन्हा घोळका गाठायचा.
वारा आधी मला लागायचा, मग कॅप्टनला.
पगार त्याचाच होता.

एकदा तिचं मागचं चाक फुटलं.
माझं काढून दिलं
आणि उसाच्या कडेला उभी राहिले
एका चाकाची सायकल धरून,
दुसऱ्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.
ती पहिली आली. पेढा मलाही मिळाला.

निवडीला विचारायचे, नक्की कुठली तू?
शिनोळीचा नाका ओलांडला की
टायरचा आवाज बदलतो, एवढंच मला ठाऊक.
कोच हुबळीकडचा. चढावर जीपमधून ओरडायचा,
"बिडब्याड! बिडब्याड!"
आणि मी मराठीत सोडायची नाही.

आता खानापुरात मष्णूकाकाच्या दुकानात
रिंगा सरळ करते.
खांद्यात स्टीलची पट्टी आहे;
थंडीत आधी ती उठते, मग मी.

संध्याकाळी घरी निघते.
पुढे रुद्राप्पा, दुधाचे दोन कॅन, उलटा वारा.
काही न बोलता मी त्याच्या पुढे सरकते,
वेग त्याच्याएवढाच ठेवते,
मागे वळून बघते : आहे ना आडोशाला?

त्याला वाटतं,
पोरीची चेन अडकतेय.