सतरा भोकं

तिमल्लानला पहाटे वाळू गार असते.
मी पॅनेलवरची रात्रीची धूळ पुसते.
बारा पॅनेल, एक इन्व्हर्टर, एक इंडक्शन मोटर,
तिच्याखाली बेचाळीस मीटर अंधार,
मग पाणी.
प्रबंधात हे सगळं एका वाक्यात उरकतं.

ऊन फार ओढलं तर व्होल्टेज खचतं,
हात आखडला तर करंट आटतो.
मधे कुठेतरी एक टेकडी असते,
तिचा माथा ढगासरशी जागा बदलतो.
माझा प्रोग्रॅम आंधळा आहे, चाचपत चढतो:
एक पाऊल. जास्त मिळालं? अजून एक.
कमी? मागे.
माथा लागला तरी टेकत नाही,
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात घोटाळणाऱ्या पाहुण्यासारखा.

बा हम्मू स्क्रीनवरची थरथरती रेघ बघत बसतो.
वाळूखालच्या पाटाचं पाणी पंचावन्न वर्षं त्यानं मोजलं,
पाट आटला तेव्हा मोजणारा उरला.
"हे काय शोधतंय?"
मी सांगितलं. माझं अरबी इथल्या कानाला उत्तरेचं, डोंगरातलं.
तो उठून घरी गेला.

परत आला तो फडक्यात गुंडाळलेली तांब्याची पाटी घेऊन,
भोकाभोकांची, कडा झिजलेली.
पंपाच्या धारेखाली धरली,
सगळी भोकं चिखलानं बुजवली,
मग एकेक उघडत गेला.
पाणी काठावरून सांडतंय, अजून एक भोक.
खाली बसतंय, एक बुजव.
उघड, बुजव, उघड,
आणि एका क्षणी पाणी काठाशी नुसतं उभं राहिलं.

"वर्दिया, हेच ना?"

मी काही बोलले नाही.
चार वर्षं, तीन शोधनिबंध,
आणि त्याच्या अंगठ्यावरचा ओला चिखल.

चारनंतर खजुराची सावली तिसऱ्या पॅनेलवर येते.
एका टेकडीच्या दोन होतात,
प्रोग्रॅम बुटक्या टेकडीवर चढून खूश.
स्क्रीन म्हणते सगळं ठीक.
बा हम्मूचा तळवा पाइपवर होता:
"धाप लागलीय हिला."
झाड तोडू या, मी म्हटलं.
"माझ्या बहिणीच्या वाट्याचं आहे ते."
विषय संपला.

रात्री जनरेटरच्या उजेडात चार ओळी वाढवल्या:
दर दहा मिनिटांनी मिळालेलं सोडून दे,
पायथ्यापासून सगळा उतार पुन्हा फिरून ये.
तेवढा वेळ मोटर मंदावते. दोन सेकंद.
बातनाहून सरांनी विचारलं, हा तोटा कसा समर्थनीय?
अजून उत्तर लिहिलेलं नाही.

आज संध्याकाळी, सावलीत, त्यानं पुन्हा पाटी धरली.
काल चौदा. आज सतरा.
बोट कानामागे पुसून तो नमाजाला गेला.

तक्त्यात वॅट आहेत, आरपीएम आहेत, तापमान आहे.
शेवटी एक रकाना हातानं आखला.
सतरा, लिहिलं.
एकक काय लिहायचं
ते उद्या त्यालाच विचारीन.