पाच पाकळ्यांचं

बाहेर उणे अकरा. हीटरवर
हातमोजे वाळताहेत एकतीस,
बत्तिसावा नेहमीसारखा बेपत्ता.

निळा कागद दुमडायचा, कापायचा,
पाच पाकळ्या, मधोमध पिवळी टिकली,
पंचिंग मशीनच्या पोटातून झटकून काढलेली.
आमच्याकडे या फुलाच्या नावातच आहे :
विसरू नको.
तेरा जानेवारीला सगळा लिथुआनिया लावतो छातीवर,
एवढंसं.

ऊलाच्या फुलाला सहा पाकळ्या झाल्या.
"खऱ्याला पाचच असतात," मोतिएयुस म्हणाला.
"मग हे माझं."
कागद संपला तशी साखरेची निळी पिशवी फाडली,
एका पाकळीवर राहिलंय आता
'एक कि' इतकंच.

सांगायचं कसं, हे मी वहीत लिहून आणलं होतं.
खूप वर्षांपूर्वी, एका रात्री,
विल्नियसमध्ये टीव्हीच्या मनोऱ्यापाशी
माणसं नुसती उभी राहिली.
"नुसती?"
नुसती. हातात हात घालून.
"आणि समोर?"
रणगाडे.
"ट्रॅक्टरएवढे?" कायुसच्या बाबांकडे दोन आहेत.
मोठे.
"मग बाजूला का नाही झाली?"

वहीत याच्यापुढे
मी समास सोडला होता.

स्वयंपाकघराच्या दारात यादविगाबाई,
हात पुसत, कधीच्या उभ्या.
"हललो असतो तर थंडी आणखी वाजली असती," म्हणाल्या.
सोळा माना वळल्या.
अकरा वर्षं आम्ही एका छताखाली,
मला कधी बोलल्या नाहीत.
"तुम्ही होतात तिथे?"
"सूप घेऊन गेले होते. त्या पातेल्यातून."

ते पातेलं. पोचे आलेलं, एका कानाचं,
गुरुवारी ज्यातलं बीट आम्ही नको नको म्हणतो.
"कसलं सूप?"
"कोबीचं. मीठ जास्त पडलं होतं.
कुणी नाव नाही ठेवलं."

चौदा जण घरी परतले नाहीत,
हे मी शेवटी, हळू, सांगितलं.
कायुस बोट फिरवत मोजू लागला वर्गातली डोकी,
चौदावर स्मिल्ते आली.
पुढे फक्त ऊला उरली, आणि तो.
बोट तसंच हवेत.
"त्यांनी सूप प्यायलं होतं का?"
यादविगाबाईंनी एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"माहीत नाही रे. अंधार होता.
वाडगे पुढे येत होते, मी भरत होते."

मग डिंकाची बोटं धुणं,
सेफ्टी पिना, रडारड, कुणाचं बूट उलटे.
चारला सगळी गेली.

कोटांच्या खुंट्यांवर तीन 'विसरू नको'
विसरून राहिलीत.
एक सहा पाकळ्यांचं.
मी काढली नाहीत.
उद्या आठला खिडकीत मेणबत्ती लावू
तेव्हाही उजाडलेलं नसेल,
कोट अडकवताना
हात लागेलच.