मुयनाकमधली काळी गाडी

काळी गाडी ठेवू नये या गावात.
सगळ्यांच्या पांढऱ्या. पांढऱ्यावर धूळ बसली
तर रंगाचा आणखी एक हात दिल्यासारखी.
बाबांची व्होल्गा तेवढी काळी,
मासळीच्या कारखान्यातल्या साहेबाची होती.
कारखाना मिटला तेव्हा नऊ महिन्यांचा पगार थकलेला,
त्याबदल्यात बाबांच्या हातावर किल्ली ठेवली.
आईनं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली,
म्हणाली, हिचं कालवण करू का?

समुद्र तेव्हाच गेला होता दूर. आता तर दिसतही नाही.
फक्त त्याचं मीठ येतं, वाऱ्यावर बसून,
गावावरून कुणी ओवाळून टाकल्यासारखं,
आणि दृष्ट काही उतरत नाही.

सकाळी पुसली की दुपारी बॉनेट राखाडी.
मांजर रात्री कुठून कुठं गेलं
ते टपावर लिहिलेलं असतं.
काळ्या रंगाला पोटात काही ठेवता येत नाही.

आधी फुंकर. मग पाणी. मग फडकं.
हा क्रम बाबांनी मला अक्षरांच्या आधी शिकवला.
कोरडं फडकं म्हणजे मिठाचा खडा हातात धरून घासणं.
जुन्या सदऱ्याचं फडकं, बटणं मी कापायची.
एकदा कॉलरमधलं एक राहिलं,
बाबा दोन दिवस बोलले नाहीत.
पण पाणी? टँकर गुरुवारी.
विहिरीचं मारलं तर ते उन्हात वाळताना
गोल गोल डाग ठेवून जातं,
काळ्या गालावर पांढरी तीट.
म्हणून प्यायच्या पाण्यातला एक तांब्या गाडीला.
आई बघायची. बघून आत जायची.

हात सरळ न्यायचा, नाकापासून शेपटीकडे.
गोल फिरवलास तर तिरप्या उन्हात
कोळ्याची जाळी दिसतील, बाबा सांगायचे,
आणि स्वतःच थांबायचे.
मग म्हणायचे, दुसरी कुठं उरलीत आता.

सार्सेन सहा वर्षांचा, माझा धाकटा.
मासा त्यानं पाहिला तो आईच्या डब्यावर,
ज्यात ती सुया ठेवते.
वावटळ येऊन गेली त्या दिवशी
त्यानं मागच्या दारावर, जाड थरात,
बोट दाबून मासा काढला.
खवल्यांसकट. डोळा मोठा.

बाबांनी फुंकर मारली, पाणी घातलं, फडकं सरळ नेलं.
धूळ गेली. मासा गेला नाही.

मी पॉलिशचा डबा आणला.
ओरखडा कधी जात नाही, हे मला ठाऊक आहे.
त्याच्या भोवतीचा रंग घासायचा,
सगळ्यांना त्याच्या खोलीपर्यंत खाली आणायचं,
मग तो दिसत नाही.
बॉनेटच्या कडेला असंच घासून घासून
खालचा लाल अस्तर-रंग डोकावू लागलाय.
मागच्या दारावर किती उरलाय, कुणाला माहीत.
बाबांनी कानाशी नेऊन दारावर टिचकी मारली,
कलिंगड बघतात तशी.
डबा मिटला.
सार्सेन पिपामागे लपला होता,
त्याला विचारलं, याला पर किती असतात रे?
दोन काढलेस. पाच हवेत, नाही, थांब, सहा, सात,
आणि बोटं मोजत बसले
सत्तरीचा माणूस.

गेल्या महिन्यात नुकूसहून लग्नाचं बोलणं घेऊन
गेंजेबाय आला. नवरीला काळीच गाडी हवी,
पांढऱ्यात ती फोटोत उठून दिसत नाही म्हणे.
गाडीभोवती फिरला, दाराशी वाकला,
इथं काहीतरी कोरलंय.

संध्याकाळी दिसतं ते, बाबा म्हणाले,
पाचच्या सुमाराला, तेही इकडून उभं राहिलं तर.
लग्न दुपारचं आहे ना?
आणि त्याच्या हातातली सिगरेट
हळूच रंगापासून लांब सरकवली.