पाठ

दर महिन्याच्या एक तारखेला
तो सदरा काढून ट्यूबलाइटखाली बसतो
आणि मी त्याची पाठ वाचते,
कानामागं, मानेवर, टाळूवरसुद्धा.

जवाहरनगरात आम्ही कातड्याची माणसं.
बोट फिरवलं की कळतं,
कुठं गोचीड चावली, कुठं काठी बसली,
म्हैस जिवंत होती तेव्हाची.

शेवंता वन्संची किडनी
सात वर्षं त्याच्यात नांदतेय.
तिला कुणी परकी म्हणू नये
म्हणून गोळ्या देऊन राखणदार झोपवलाय,
सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून.
झोपलेल्याला ऊन कुठलं दिसायला?

गेल्या साली कानाच्या पाळीवर खपली धरली.
पडायची, परत धरायची.
आरी लागली असंल, म्हणाला.
सीपीआरमधल्या बाईंनी ती कापून काढली,
नाव सांगितलं.
घरात अजून कुणी ते नाव घेत नाही.

आता चपला वाळत घालायला
गच्चीवर मीच जाते.
तो जिन्याच्या सावलीतनं ओरडतो,
उलटव, तळ वर कर.

आज डाव्या खांद्याखाली एक नवा ठिपका.
तीळ असंल.
मी पेनानं भोवती गोल काढला,
कातड्यावरचा डाग वगळायला काढतो तसा.

काय गं, म्हणाला.
काही नाही.
हलू नको.