कानाडोळा

बातुमीत फेब्रुवारीत हॉटेलं स्वस्त मिळतात.
हीटर बंद, लिफ्ट बंद, काळा समुद्र थेट खिडकीशी,
आणि आम्ही चौदा जण, आठ कलाकार धरून.
गोचानं आईचा फ्लॅट विकून काढलेला सिनेमा:
एक लांब टेबल, तीन जोडपी, एक धाकटा भाऊ,
एक विधवा काकू,
आणि जेवण संपेपर्यंत कोणी कोणाचं उरत नाही.

माझं काम कंटिन्युइटीचं.
म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायचं
आणि वहीत लिहायचं: ग्लास उजव्या हातात,
वाइन दोन बोटं,
काकूच्या शालीची गाठ डावीकडे.
सगळ्यात छळलं ते खाचापुरीनं.
होडीसारखा पाव, मधोमध कच्चं अंडं.
कोणी संवाद चुकला की तोवर बलक फुटलेला.
पुन्हा नवा पाव, पुन्हा नवं अंडं.
एका दृश्यापायी एकोणीस होड्या बुडाल्या.
रात्री त्याच खाल्ल्या सगळ्यांनी,
गार, उभ्याउभ्या.

कॅमेऱ्यामागे मालखाज. माझा नवरा, अकरा वर्षं.
तो प्रकाशाला म्हणायचा, "थांब जरा",
आणि प्रकाश थांबायचा.
निदान मला तसं वाटायचं.

दृश्य एकतीस. टेक चौथा.
नुत्सा रडते आहे, गोचाची बायको,
सिनेमात दिराच्या प्रेमात पडलेली.
सगळा सेट श्वास धरून.
तिच्या खुर्चीच्या पाठीवर हिरवा मफलर.
मी लिहिलं: हिरवा मफलर, खुर्ची तीन,
एक टोक जमिनीला टेकलेलं.
लिहिलं, आणि मग वाचलं.
मीच विणलेला तो.
कडेचा एक टाका सुटलेला,
वीज गेली होती त्या रात्री.

माणूस मफलर विसरतो. थंडी होती.
कोणीही कोणालाही देतं.
असं म्हणत पुढच्या प्रत्येक शॉटला
मीच उठून तो खुर्चीवर टाकत राहिले,
टोक जमिनीला टेकेल असा.
कामात चूक नको.

ध्वनीवर झाझा होता.
कॉलरमागे चिकटवलेले त्याचे माइक
सुट्टीतही कोणी काढायचं नाही.
तीन आठवडे त्याच्या हेडफोनमध्ये
जिन्यातलं हसू, दार लागल्याचा आवाज,
माझ्या नवऱ्याचं "थांब जरा".
आणि संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसून
संत्र्याची साल एका तुकड्यात कशी निघते
ते दाखवायचा.
पहिली फोड मला.

शेवटच्या दिवशी मी विचारलं.
तो केबल गुंडाळत होता,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
म्हणाला, "मला वाटलं, तुला दिसलंच असेल."
मला वाटलं होतं,
असतं काही तर त्याला ऐकू आलं असतं.
त्याचा कान, माझा डोळा.
दोघांनी मिळून जे केलं
त्याला शब्द एकच.

मालखाज आणि नुत्सा मे महिनाही टिकले नाहीत.
गोचाला सगळ्यांत शेवटी कळलं,
एकट्याला, संकलनाच्या खोलीत.
झाझानं ट्रॅक पुसलेच नव्हते,
विसरला की कंटाळला, कोण जाणे.
गोचा दोन दिवस बाहेर आला नाही.
मग ते जिन्यातलं हसू त्यानं सिनेमात ठेवलं,
जेवणाच्या दृश्याखाली, दबकं,
शेजारच्या घरातून यावं तसं.
समीक्षकानं, एकच आला होता, लिहिलं:
हसण्याची जागा फार विचारपूर्वक निवडली आहे.

कुताइसीत अकरा प्रेक्षक होते.
सिनेमा संपल्यावर एक म्हातारी माझ्याकडे आली,
नावात माझं नाव वाचून नाही,
मी दाराजवळ उभी होते म्हणून.
विचारलं, तो हिरवा मफलर छान होता,
नमुना कुठला?
दोन सुलट, दोन उलट, मी म्हणाले,
आणि लोकर जरा जास्तच घ्या.